छप्पर त्यांचं, बॅनर आपला

ताई, जय ख्रिस्त.

मी मिरजेची. चाळीसएक वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि आमच्या मंडळीची खजिनदार आहे. उन्हाळ्यात आम्ही अकरा जण केनियाला मिशन ट्रिपला जाऊन आलो. प्रवासखर्च ज्याचा त्यानं केला. किसुमूच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेचं छप्पर उडालंय म्हणून आमच्या तरुण संघानं वर्षभर वर्गणी गोळा केली होती. ते सव्वातीन लाख रुपये माझ्या ताब्यात होते. शिवाय आरोग्य शिबिर घ्यायचं म्हणून औषधांचे चार खोके.

काय काय झालं ते थोडक्यात लिहिते. नैरोबीच्या विमानतळावर सगळ्यात आधी भडंग गेलं. तिथं प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मग औषधांचा परवाना मागितला, तो नव्हता, खोके कस्टममध्ये राहिले. पुढं केरिचोजवळ भर पावसात गाडी बंद पडली. रात्र एका अनोळखी चर्चच्या बाकांवर काढली. तिथल्या बायकांनी रात्री अकरा वाजता चूल पेटवून आम्हाला उगाली आणि पालेभाजी खाऊ घातली. खेड्यात पोचलो तर शाळेवर नवं कोरं छप्पर! गावानं आपसात पैसे काढून आधीच घातलं होतं. ते म्हणाले, आता आम्हाला पाण्याच्या टाकीची गरज आहे. पण आमच्या पुढाऱ्यानं (तरुण संघाचा अध्यक्ष, पाळकसाहेबांचा पुतण्या) आधी ‘सांगली जिल्ह्यातील ख्रिस्ती बांधवांतर्फे शाळेस छप्पर अर्पण’ असा बॅनर धरून त्याच छपराखाली सगळ्यांचा फोटो काढून घेतला. मीही उभी होते. मग टाकीसाठी दीड लाख रुपयांचे शिलिंग दिले, त्यांच्या खजिनदार बाईंनी रीतसर पावती दिली. पावणेदोन लाख परत आणले.

औषधं नव्हती, म्हणून मी तिथल्या दवाखान्यात नुसती बसून असायची. तिथल्या नर्सनं मला लहान मुलांना द्यायची मलेरियाची लस दाखवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ती कधी पाहिली नव्हती.

परत येताना यलो फीवरच्या लसीचं कार्ड नाही म्हणून आमच्यातल्या एका काकांना, वय सदुसष्ट, मुंबईत अलगीकरणात नेलं. इकडं चर्चमध्ये स्वागताचा कार्यक्रम ठेवला होता, म्हणून आम्ही बाकीचे ट्रॅव्हलरनं निघून आलो. अध्यक्ष काकांना म्हणाला, “देव तुमच्यासोबत आहे.” काका सहाव्या दिवशी एकटे रेल्वेनं आले. तेव्हापासून उपासनेला आलेले नाहीत.

येत्या रविवारी मी साक्ष द्यायची आहे, म्हणजे ट्रिपचा अनुभव मंडळीपुढं सांगायचा आहे. पाळकसाहेब म्हणतात, “सिस्टर, चांगलं तेवढंच सांगा, लोकांचा विश्वास ढळायला नको.” मागं पडद्यावर तो बॅनरचा फोटो असणार. हिशोबातही सगळे पैसे छपराला लागले असं दाखवायचं आणि उरलेले फिलिपीन्सच्या ट्रिपला वळवायचे, असं चाललंय. मला मंडळीत फूट पाडायची नाही. पण चर्चमध्ये उभं राहून खोटंही बोलायचं नाही. काय करू?

– एक सिस्टर, मिरज

*

सिस्टर,

साक्षीचं नंतर पाहू. आधी काकांच्या घरी जा. आज नाहीतर उद्या, आणि एकट्या. अध्यक्षाला बरोबर नेऊ नका. त्याला जेव्हा जावंसं वाटेल तेव्हा तो त्याचा जाईल.

‘देव तुमच्यासोबत आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. असेलही देव सोबत. ट्रॅव्हलरमधली एक सीट मात्र मुंबईपासून मिरजेपर्यंत रिकामी आली. अलगीकरणात त्यांच्याबरोबर तुम्हाला कुणी आत सोडलं नसतं, हे मान्य. पण दोघं जण मुंबईत थांबू शकले असते. निदान सहाव्या दिवशी दारात कुणीतरी उभं राहू शकलं असतं. काकांना अलगीकरणाचा राग असेल असं मला वाटत नाही. इकडं तुम्ही सगळ्यांनी हार घालून घेतले आणि ते त्यांनी तिकडं मोबाइलवर पाहिले, हे त्यांना लागलं असणार.

आणखी एक. ‘माझ्यामुळं सगळ्यांची शोभा झाली’ असं काही त्यांच्या मनात घर करून बसलं असेल, तर ते काढून टाकायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही. त्यांना नियम नीट समजावून सांगा. भारतातून केनियाला जाणाऱ्यावर यलो फीवरच्या लसीची सक्ती नाही, म्हणून जाताना कुणी अडवलं नाही. परत येताना मात्र आहे. कारण यलो फीवर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूचा, आपल्या घरोघरच्या पिंपात आणि कुंडीत आहे. एक बाधित माणूस आला तरी आग लागायला तेवढं पुरे. म्हणून त्या भागातून निघाल्यापासून 6 दिवस बाजूला ठेवतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्या माणसाला ती पहिल्यांदा द्यायची तर डॉक्टर विचार करून देतात. म्हणजे अकरा जणांत काकांची चौकशी सगळ्यात आधी व्हायला हवी होती. ती ज्यानं तिकिटं काढली त्यानं करायची. तुम्ही नर्स, तुमच्याही लक्षात यायला हवं होतं. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मनात आहे असं मला वाटतं, म्हणून मीच लिहून टाकते.

काकांना ‘आम्ही चुकलो’ एवढंच म्हणा. कारणं सांगू नका. ते सहा दिवस कसे गेले, हे विचारा. अजून कुणी विचारलेलं नसणार.

आता तो फोटो. तुम्हाला तो इतका टोचतोय, कारण त्यात तुम्हीही उभ्या आहात. पण असं बघा: जतकडच्या एखाद्या गावानं उन्हाळाभर श्रमदान करून बांध घातला, पहिल्या पावसात पाणी साठलं, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी त्या पाण्याच्या काठावर ‘आमच्यातर्फे अर्पण’ असा बॅनर धरला, तर? जतची माणसं पाहुण्यांना तोंडावर काही बोलणार नाहीत, चहा पाजतील. पाहुणे गेल्यावर काय बोलतील, ते मला या सदरात छापता यायचं नाही.

त्या गावानं ज्या पद्धतीनं पैसे काढले, तिला तिकडं हरांबे म्हणतात. 1963 मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून केनियातल्या कितीतरी शाळा आणि दवाखाने असे उभे राहिले. लोक एकत्र जमतात, कुणी शिलिंग देतो, कुणी कोंबडी देतो, तिचा तिथंच लिलाव होतो, कुणी अंगमेहनत करतो. देशाच्या राजमुद्रेवर हा शब्द कोरलेला आहे. तेव्हा तुमच्या फोटोतलं छप्पर म्हणजे त्या गावाच्या कोंबड्या आहेत, सिस्टर. त्यावर सांगली जिल्ह्याचं नाव लावायचं कुणी?

खरं सांगायचं तर हा फोटो मिरजेच्या मंडळीनं दाखवावा, याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्या भागानं मिशनच्या फोटोंची दुसरी बाजू भोगलेली आहे. तुमच्या गावात मिशनचं रुग्णालय 1894 मध्ये सुरू झालं. त्या काळातले मिशनरी सुट्टीवर मायदेशी गेले की काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवून मदत गोळा करायचे. त्या चित्रांत आपल्याकडचे खापरपणजोबा होते, दुष्काळातली हाडं निघालेली पोरं होती. त्यातून पैसा आला, दवाखाने चालले, हजारो जीव वाचले. मी नावं ठेवत नाही. पण चित्रातल्या बाईला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुला आम्ही कुठं आणि काय म्हणून दाखवणार आहोत? आता कॅमेरा आपल्या हातात आलाय. शाळेतल्या पोरांचे फोटो पडद्यावर लावताना हा प्रश्न तुमच्या तरुण संघाला जरूर विचारा. त्यांनी बहुधा या बाजूनं कधी विचारच केलेला नाही, आणि यात त्यांचा फार दोष आहे असंही नाही.

त्या रुग्णालयाचे डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1928 मध्ये परत गेले. 1897 पासून ते इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवत होते. पंधरा दिवसांच्या दौऱ्याला तुम्ही मिशन म्हणा, माझी ना नाही. पण पंधरा दिवसांत जेवढं होतं तेवढंच झालं, असं सांगायला लाज कसली?

औषधांचे खोके अडकले ते मात्र बरं झालं असं मला वाटतं. रागावू नका. तिकडं औषधं आत न्यायची तर त्यांच्या औषध मंडळाची आधी परवानगी लागते, आणि बाहेरच्या डॉक्टर-नर्सला रुग्ण तपासायचे तर तात्पुरता परवाना काढावा लागतो. उद्या परदेशातून कुणी पर्यटक म्हणून आला आणि त्यानं तासगावच्या बाजारात टेबल मांडून गोळ्या वाटल्या, तर तुम्हीच पहिल्यांदा आरोग्य अधिकाऱ्याला फोन कराल. शिबिर उधळलं, आणि त्यामुळं तुम्ही त्या नर्सशेजारी बसलात. तिनं दाखवलेली ती लस केनियात 2019 मध्ये पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत द्यायला सुरुवात झाली. घाना, मलावी आणि केनिया या तीन देशांत आधी तिचा अनुभव घेतला गेला आणि मग 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. म्हणजे आपण ज्यांना आरोग्य शिकवायला निघालो होतो, त्यांच्याच गावांतून जगानं ही गोष्ट शिकून घेतली. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते असं लिहिलंय, जसं काही पंधरा दिवस वाया गेले!

हिशोबावर येते, कारण इथं सल्ल्यापेक्षा कायदा मोठा आहे. ‘सगळे पैसे छपराला लागले’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. काही झालं तरी नाही. तुमच्या हातात टाकीची पावती आहे. त्या बाईंनी ती नीट लिहून दिली, हे तुमच्यावर उपकार आहेत. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्याचे हिशोब दरवर्षी तपासले जातात आणि धर्मादाय आयुक्तांकडं जातात. उद्या कुणी तक्रार केली तर तिथं पुतण्या उभा राहणार नाही, खजिनदार उभी राहील. न्यासाचा पैसा देशाबाहेरच्या कामाला लावला तर त्यावर आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, हेही तुमच्या सीएच्या कानावर घाला. वर्गणी न्यासाच्या नावानं घेतली की तरुण संघानं परस्पर घेतली, पैसे कुणाच्या खात्यातून बदलून घेतले, या गोष्टी तो पहिल्यांदा विचारील. रविवारच्या आत त्याला भेटलात तर उत्तम.

उरलेले पावणेदोन लाख तुमचे नाहीत, अध्यक्षाचे नाहीत आणि पाळकसाहेबांचेही नाहीत. ज्यांनी छपरासाठी म्हणून दिले, त्यांना विचारायला हवं. कुणी ऊसबिलातून दिले असतील, कुणी पेन्शनमधून. ‘छप्पर झालेलं होतं. टाकीला पाठवू का, की परत घेता?’ एवढाच प्रश्न. माझा अंदाज असा की निम्म्याहून जास्त लोक टाकीला हो म्हणतील. पण तो अंदाज आहे. विचारल्याशिवाय तो ठराव होत नाही. पैसे पाठवायचे ठरलेच तर कसे पाठवायचे, हे सीए आणि बँक सांगेल त्याच वाटेनं, पुन्हा कुणाच्या पिशवीतून नको.

‘विश्वास ढळेल’ ही पाळकसाहेबांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. लहान मंडळी, तुटपुंजी वर्गणी, त्यात घरातलाच मुलगा पुढारी. त्यांचीही अडचण आहे. पण अकरा जणांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मिरजेत किती दिवस झाकून राहते, हे त्यांना विचारा. भडंगाचं तर आत्तापर्यंत सगळ्या गावाला कळलं असेल.

मी तुमच्या मंडळीतली नाही, पण बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचलेलं आहे. पाळकसाहेबांशी बोलायला तुम्हाला माझ्या सल्ल्याचा आधार लागणारच नाही, त्यांच्याच हातातलं पुस्तक पुरे. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा हे दोघे प्रचारक दौऱ्याहून अंत्युखियाला परततात, मंडळीला एकत्र जमवतात आणि काय काय झालं ते सांगतात. मिशन ट्रिपहून आल्यावर साक्ष देण्याची ही रीत तिथूनच आली असणार. पण त्याच लेखकानं, लूकनं, पुढच्याच अध्यायात या दोघांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि दोघं दोन वाटांनी गेले, हेही लिहून ठेवलंय. सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या रोमच्या प्रवासातलं वादळ, उपास, समुद्रात फेकलेला माल, फुटलेलं गलबत. गलबतावर 276 माणसं होती, हा आकडासुद्धा त्यानं टाळला नाही. चांगलं तेवढंच सांगायचं असतं तर ती दोन पानं गाळून पौल थेट रोमला पोचला असता.

आणि अठ्ठाविसावा अध्याय उघडा. भिजून कुडकुडत किनाऱ्याला लागलेल्या या लोकांसाठी माल्टा बेटावरच्या अनोळखी माणसांनी, पाऊस आणि थंडी होती म्हणून, शेकोटी पेटवली. तुमची केरिचोची रात्र वेगळी होती का? तिथं मदत कुणी कुणाला केली, हे लूकनं सरळ लिहिलंय. यजमानांचं कौतुक करताना त्याला आपल्या माणसांची किंमत कमी होईल अशी धास्ती वाटली नाही.

पैशाबद्दल हवं असेल तर करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र, आठवा अध्याय. यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत न्यायची होती, तेव्हा पौलानं एकट्यानं ती नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणी बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. खजिनदारानं हा उतारा लिहून कॅशबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवावा, असं माझं मत आहे.

तर गुरुवारी-शुक्रवारी पाळकसाहेबांकडं जा. रविवारी सगळ्यांच्या देखत त्यांना पेचात पकडू नका. खरं बोलायचं म्हणून माणसाला चारचौघांत उघडं पाडायलाच हवं असं नाही. जाताना पावतीची झेरॉक्स आणि हिशोबाचं एक पान घेऊन जा. त्यांना सांगा, फोटो लावायचा तर त्याखाली ‘गावानं स्वतः बांधलेलं छप्पर’ असं लिहून लावू, नाहीतर टाकीच्या जागेचा लावू. आणि छपराबद्दल बोलायचं काम अध्यक्षालाच द्या, असं सुचवा. ‘आम्ही पोचलो तेव्हा छप्पर झालेलं होतं, गावानं टाकी मागितली, आम्ही तिला हातभार लावला.’ एवढं त्या मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर त्याची मान खाली जाणार नाही. उलट म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवतील. बॅनर इथूनच छापून नेला होता, तिथं पोचल्यावर काय करावं त्याला सुचलं नाही, आणि दहा वडीलधाऱ्यांपैकी कुणी ‘गुंडाळ तो’ म्हणालं नाही. हे मनात ठेवून त्याच्याशी बोला.

पाळकसाहेब नाहीच म्हणाले, तर साक्ष देऊ नका. तब्येतीचं निमित्त काढू नका. ‘हा फोटो मागं असेल तर मी पुढं उभी राहणार नाही,’ असं त्यांना शांतपणे सांगा आणि हिशोब लेखी, तारीख-सहीनिशी, कमिटीपुढं ठेवा, पोच घ्या. बस. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. फूट तिथं पडते. कमिटीत वाचलेल्या हिशोबानं पडत नाही, आणि पडलीच तर ती आधीपासून होती असं समजा.

पण समजा ते हो म्हणाले. मला वाटतं म्हणतील. मग काय सांगाल? केरिचोपासून सुरुवात करा. नावं आठवत असतील तर त्या बायकांची नावं घ्या. उगालीला चव कशी असते ते सांगा, मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली, भाकरीवाल्या माणसाला आधी फिकी लागणारी आणि दोन दिवसांत सवयीची होणारी. हातानं लाडवासारखा गोळा करून भाजीला लावून खातात म्हटलं की महिला मंडळ कान टवकारील. किसुमूपर्यंत जाणारी आगगाडी 1896 ते 1901 मध्ये बांधली गेली, आणि ती बांधायला सुमारे 32 हजार मजूर आपल्याच देशातून गेले होते, हेही सांगा. केनियात आज घरोघर चपाती लाटतात आणि तिला चपातीच म्हणतात, त्यात या आपल्या माणसांचा वाटा आहे. संडे स्कूलच्या पोरांना हे नकाशावर दाखवा. भडंगाची गोष्ट मात्र तुम्हीच सांगा, अध्यक्षावर सोडू नका. तो ती रंगवून सांगायला जाईल आणि बिघडवील. ऑगस्ट 2017 पासून त्या देशानं प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या आणि नियम मोडला तर मोठा दंड आहे, हे ऐकून आपल्या कृष्णेच्या घाटावरचा कचरा लोकांना आपसूक आठवेल, तुम्ही वेगळं सांगायला नको.

दवाखान्यातल्या नर्सला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिचं रजिस्टर कसं होतं, लसींचा थंडपणा कसा राखते, वीज गेली की काय करते, हे तुम्ही पाहिलंय आणि मंडळीत दुसऱ्या कुणाला ते इतकं नीट सांगता येणार नाही. तिच्याशी पत्रव्यवहार ठेवलाय का? नसेल तर आजच मेसेज करा. ते खोके अजून नैरोबीला पडून असतील, तर ते सोडवता येतील का, की मुदत संपून नष्टच करायचे, हे चौकशी करून तुम्हाला तीच सांगू शकेल. त्या औषधांचे पैसेही कुणीतरी दिलेत आणि तुमच्या पत्रात त्यांचा हिशोब कुठंच नाही.

काकांचं नाव साक्षीत घ्यायचं की नाही, हे काकांना विचारून ठरवा. ते नको म्हणाले तर नाही.

फिलिपीन्सचा विषय कमिटीत निघाला, तर तिथून कुणी बोलावलंय का आणि कशासाठी, एवढं विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत आणि देणगीदारांना विचारून होईपर्यंत पावणेदोन लाखांना कुणाचा हात लागता कामा नये. चेकबुक तुमच्याच कपाटात आहे ना?